पाण्याच्या फळ्यावर हॉब्सन-जॉब्सन

अहो, ऐकलंत का? छे, तुम्ही कुठून ऐकणार, तुम्ही लेकीकडे जाऊन बसलेल्या! इकडे चाळीत एवढं रामायण झालं. या जरा कठड्याशी. एवढ्या लांबून नाही सांगता यायचं, सरांची खिडकी उघडी आहे.

तर आपला तो जिन्याखालचा फळा. 'उद्या पाणी उशिरा येईल', नाहीतर गणपतीची वर्गणी थकवलेल्यांची नावं, याउप्पर त्या फळ्यानं कधी काही पाहिलं नव्हतं. त्यावर सरांनी रोज एक इंग्रजी शब्द लिहायला घेतलाय. साधासुधा नव्हे हं, चांगला अडनिडा! सकाळी दुधाच्या वेळी शब्द लिहायचा आणि दिवेलागणीनंतर त्याचं कूळ-मूळ सांगायचं. रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघरात लुडबुड चालली होती ना, वहिनींनीच बाहेर पिटाळलं असणार... पण ते राहू दे.

पहिल्या दिवशी शब्द होता 'बॉबरी'. चौदा नंबरच्या काकूंची नात, आठवीतली, शाळेत जाता जाता म्हणाली, "सर, रॉबरी ना? पहिलं अक्षर चुकलं तुमचं." सर नुसते हसले. आमच्या ह्यांना वाटलं ब्रोकोलीची बहीणबिहीण असेल. दिवसभर जिन्यात तीच चर्चा. आणि संध्याकाळी सर काय सांगतात, तर बॉबरी म्हणजे आरडाओरडा, गोंधळ, तमाशा, आणि तो शब्द आलाय आपल्या 'बाप रे'वरून! साहेब लोक इथे उतरले, बघतात तर इथली माणसं दुखलं-खुपलं, दचकली, घाबरली की 'बाप रे, बाप रे' करतात. त्याचं त्यांनी केलं 'बॉबरी-बॉब'. मग गोंधळालाच बॉबरी. पुढे शिकारीची भलत्यासलत्या जातींची कुत्री एकत्र केली, तर तो बॉबरी पॅक. काकूंनी डोळे मोठे केले आणि त्यांच्या तोंडून निघालं काय? "बाप रे!" लगेच स्वतःच तोंडावर हात. अख्खा जिना हसला हो.

हे सगळं सर काढतात कुठून, तर एका जाडजूड पुस्तकातून. फोर्टातल्या फुटपाथवर मिळालं म्हणे. केवढ्याला, ते वहिनींना अजून सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हीही विचारू नका. पुस्तकाचं नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. मला वाटलं हायकोर्टासमोरची सॉलिसिटरांची फर्म! पण नाही, कोश आहे तो. साहेबाच्या बोलण्यात जे आपल्याकडचे शब्द घुसले त्यांचा. हेन्री यूल नावाचे एक लष्करातले इंजिनियर आणि मद्रासकडचे बर्नेल नावाचे अधिकारी, दोघांनी १८७२ पासून पत्रापत्री करून जमवला. बर्नेल बिचारे १८८२ मध्येच गेले आणि पुस्तक छापून आलं १८८६ ला. आणि ते विचित्र नाव कशाचं? मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत 'या हसन, या हुसेन' म्हणतात ना, ते गोऱ्या शिपायांच्या कानात शिरेपर्यंत झालं हॉब्सन-जॉब्सन! यूलसाहेबांना ते इतकं आवडलं की पुस्तकालाच दिलं. आता डोंगरीला मोहरमचा जुलूस आपण का कमी पाहिलाय? त्यात हॉब्सन ऐकू यायला कानच तसे हवेत. लालबागच्या राजासमोर त्यांना उभं केलं असतं तर 'मोरया'चं काय झालं असतं, देव जाणे.

हां, डोंगरीवरून आठवलं. दहा नंबरची नवी सून! तिची ती डंगरी पाहिलीत ना तुम्ही? छातीवर खिसा, खांद्यावर पट्टे. सासूबाईंच्या कपाळाला पहिल्या दिवसापासून आठ्या. "गॅरेजमधला पोऱ्या दिसतोय," असं गॅलरीत उभं राहून म्हणाल्या, तिला ऐकू जाईल अशा बेतानं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर शब्द काय? 'डंगरी'! सर म्हणतात योगायोग. वहिनी म्हणतात कसला योगायोग, मीच सुचवला.

तर ते जाडंभरडं सुती कापड, ते आपल्या डोंगरी भागात विकलं जायचं, किल्ल्याच्या आसपास, म्हणून ते डोंगरी कापड. गलबतांवरचे खलाशी ते घालायचे, मग कामगार, आणि मग ही आपली सून. १६१३ च्या एका इंग्रज कप्तानाच्या नोंदीत म्हणे लवंगांच्या बदल्यात हे कापड दिल्याचं आहे. तेव्हा मुंबई इंग्रजांची झालीसुद्धा नव्हती, ती पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनच्या लग्नात आंदण जायची होती १६६१ च्या करारानं. म्हणजे बेटाच्या आधी कापड गेलं साहेबाकडे! सर हे सांगत असताना मी शब्दांकडे नाही, सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होते. आधी ओठ घट्ट. मग एक भुवई वर. त्यांचे सासरे परळच्या गिरणीत साच्यावर होते, कापडाचं नाव निघालं की त्या विरघळतातच. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे आपल्याच मुंबईचं की हे." सून मोबाइलमध्ये बघत होती, पण गालातल्या गालात हसली. आणि परवा मी या डोळ्यांनी पाहिलं हो, डंगरी वाळत घालताना सासूबाई कापड चिमटीत धरून पोत बघत होत्या!

तर काय सांगत होते... हं, खरी बॉबरी झाली ती बोंबलावरून.

फळ्यावर आलं 'बॉम्बे डक'. काकू म्हणाल्या, यात काय कोडं, हे मला माहीत आहे. त्यांचे वडील जीआयपी रेल्वेत, म्हणून रेल्वेचं काहीही निघालं की तो त्यांच्या माहेरचा विषय. पदर खोचून उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या: सुके बोंबील मुंबईहून टपालाच्या गाडीनं बाहेरगावी जायचे, त्या गाडीचं नाव बॉम्बे डाक, डबा उघडला की वास, मग साहेब नाक धरून म्हणायचा, आली बॉम्बे डाक, त्याचं झालं बॉम्बे डक. काय रंगवून सांगितलं हो! डब्यातला वास मला आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. पायरीवर मासळीवाली मावशी टोपली उतरवून बसली होती, ती तेवढी म्हणाली, "डाक नाय नि डक नाय, बोंबील हाय तो."

सर काही बोलले नाहीत. वर गेले, पुस्तक आणलं, चष्मा चढवला. म्हणाले, एलफिन्स्टनचं पत्र आहे, १८०३ मधलं. एलफिन्स्टन म्हणजे ते कॉलेजवाले, माउंटस्टुअर्ट, पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले ते. स्टेशनवाले वेगळे, ते पुतणे, आणि आता तर ते स्टेशनही प्रभादेवी झालं. तर त्या पत्रात मुंबईकडच्या गोऱ्या मंडळींना 'डक्स' म्हटलंय. बंगालवाल्यांना एक टोपणनाव, मद्रासवाल्यांना एक, तसे आपले मुंबईवाले डक्स, आणि तेही या बोंबलावरूनच.

सगळे 'अस्सं होय' म्हणून गप्प. एवढ्यात ती आठवीतली नात, आजीचीच नात बरं का, बोटं मोजत म्हणते, "पण आजी, पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला ना? बोरीबंदर ते ठाणे? आम्हाला धड्यात आहे."

अहो, काकूंचा चेहरा! मी इतकी वर्षं ओळखते त्यांना, पण असा उतरलेला चेहरा... इस्त्रीचं फडकं पाण्यात पडावं तसा. खोचलेला पदर हळूच सोडला. मग एकदम उसळून म्हणाल्या, "मग ती पन्नास वर्षं बोंबील काय चालत जात होते?" आणि आत. दार लावलं नाही, पण लोटलं. आपल्या चाळीत लोटलेल्या दाराचा अर्थ तुम्हाला माहीतच आहे.

मावशीला मात्र जोर चढला. म्हणाली, आमच्या बोंबलाला परदेशात बंदी केली होती तवा कुठं होते हे पुस्तकवाले? आणि खरंच आहे ते. १९९७ साली युरोपनं बंदी घातली होती, मान्यता असलेल्या कारखान्यात तयार होत नाहीत, उघड्यावर वाळवतात म्हणून. नंतर उठली. उघड्यावर नाही वाळवायचे तर काय कपाटात? पावसाळ्यात सुक्या बोंबलाची चटणी नसेल तर भाकरी घशाखाली उतरत नाही आमच्या ह्यांच्या. पण तो वेगळा विषय.

त्या दिवसापासून त्या पोरीला नादच लागला. कोणी काही सांगितलं की, "कितवं साल?" तळमजल्यावरच्या आजोबांनी सांगितलं की आमच्या मामांनी गांधीजींना चहा दिला होता, तर ही विचारते, कितवं साल! आजोबा अजून उत्तर शोधतायत. पण मी म्हणते, बरोबरच आहे पोरीचं. मी स्वतः इकडचं तिकडे सांगणारी बाई, मला नका सांगू. जी गोष्ट फार गोड लागते ना, तिच्यात कोणीतरी साखर घातलेली असते. साल विचारलं की कळतं.

आणि मग सरच सापडले की हो! हळू बोला.

सरांनी लिहिलं 'पॉश'. आणि कधी नव्हे ते संध्याकाळची वाट न बघता सकाळीच सांगायला लागले, इतकी लाडकी गोष्ट ती. बॅलार्ड पिअरला पी. अँड ओ. कंपनीच्या बोटी लागायच्या. विलायतेहून मुंबईला येताना बोटीची डावी बाजू सावलीची, परत जाताना उजवी. श्रीमंत साहेब जाता-येता दोन्ही वेळी सावलीतली खोली घ्यायचे, त्यांच्या तिकिटावर पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम यांची पहिली अक्षरं उमटवायचे, ती जोडली की झालं पॉश! सगळे खूश. इंजिनियर झालेला सहा नंबरचा मुलगा म्हणाला, वा सर! आणि ती पोर, वेणीची रिबीन बांधत, "सर, तसं तिकीट कोणी पाहिलंय का?"

सरांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खडू हातात तसाच.

दुपारी जेवल्यावर पडलेसुद्धा नाहीत हो. टाऊन हॉलच्या त्या सगळ्या पायऱ्या चढून एशियाटिक लायब्ररीत जाऊन बसले. संध्याकाळी आले ते घाम पुसत. पण माणूस सच्चा. फळ्याशी उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, की तसलं तिकीट आजवर एकही सापडलेलं नाही, आणि गोष्ट जन्माला आली ती शब्द रूढ झाल्यावर कितीतरी वर्षांनी. मग पॉश आला कुठून? तर एक तर्क असा, की जिप्सी लोकांच्या भाषेत पॉश म्हणजे अर्धं. त्यावरून अर्धा पेनी, त्यावरून पैसा, आणि पैशावरून पैसेवाला. आणि गंमत ऐका, ते जिप्सी मुळात आपल्याच देशातून गेलेले. त्यांच्याकडूनच इंग्रजीत 'पॅल' आला, मित्र या अर्थानं. तो आपला भ्राता! म्हणजे आपला भाऊच. वहिनी नंतर मेथी निवडताना मला म्हणाल्या, "पॉशची गोष्ट यांनी जन्मभर दर वर्षी वर्गात सांगितली. आता त्या सगळ्या मुलांना पत्रं घालणार आहेत की काय?"

काकूंनी हे आतून ऐकलं. दार उघडलं त्यांनी, त्याच संध्याकाळी. कढीपत्ता मागायच्या निमित्तानं बाहेर आल्या, पण चेहरा काय खुलला होता!

बरं, सहा नंबरचा तो मुलगा. त्याची तर वेगळीच कथा. शनिवारी आईला म्हणाला, "मी डूलॅलीला चाललोय, रात्री उशीर होईल." आईनं ऐकलं देवळाली. म्हणाली, अरे एवढ्या लांब, आणि रात्रीच परत? नाशिकरोडच्या मावशीला लाडू घेऊन जा. स्वेटर घे, तिथे थंडी असते. डबा भरला, पिशवी हातात दिली. पोरगा लाजेनं गप्प. गेला तो पिशवी घेऊन. कुठे? तर बिअरच्या जागी! पुण्यात निघालेली ती बिअरवाली कंपनी, तिचं नाव डूलॅली. मित्रांनी लाडू खाल्ले बिअरबरोबर, फोटो टाकला, फोटो पोचला मावशीकडे, मावशीचा फोन आईला. बॉबरी!

पण सर म्हणाले, आई चुकली नाही. डूलॅली म्हणजे देवळालीच! इंग्रजांची तिथे लष्करी छावणी होती, १८६१ पासूनची. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर तिथे आणून ठेवायचे, मुंबईहून बोट मिळेपर्यंत. आणि बोटी सुटायच्या थंडीच्या मोसमात. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपली, तो पावसाळाभर तिथेच. काम नाही, कवायत नाही, ऊन, डास, हिवताप, दारू. घरी जायचं, घरी जायचं, एवढंच डोक्यात. त्यांच्या भाषेत घर म्हणजे 'ब्लायटी', तेही आपल्या 'विलायत'वरूनच आलेलं. काहींची डोकी फिरायची. मग जो वेड्यासारखं करील त्याला म्हणायचे डूलॅली टॅप झालाय. टॅप म्हणजे आपला ताप हो, अंगातला! आता तिथे लोक हवा पालटायला जातात. आपल्या इमारतीपलीकडचे पारशी काका तर दरवर्षी तिथल्या सॅनेटोरियमला जाऊन तब्येत सुधारून येतात. आणि इंग्लंडात अजून कोणी भ्रमिष्टासारखं वागलं तर त्याला डूलॅली म्हणतात.

मला बाई वाईट वाटलं त्या सोल्जरांचं. आईलाही वाटलं. म्हणाली, पोरं आईपासून लांब, दुसरं काय होणार. आणि मुलाकडे असं बघितलं की तो महिनाभर तरी कुठल्या टॅपला जाणार नाही.

तर काय सांगत होते, असे खूप शब्द झाले. शाम्पू झाला, तो चंपीवरून, केस धुणं नंतरचं, आधी नुसतं अंग रगडणं. पाटण्याचा शेख दीन महंमद इंग्लंडात ब्रायटनला जाऊन साहेबांना रगडायचा, दोन-दोन राजांचा शाम्पूवाला सर्जन म्हणून त्याची नेमणूक! आपल्या खाटेची कॉट झाली, चिठ्ठीची चिट झाली. मुंगुसाची तर सर छाती फुगवून सांगतात, की मंगूस हा इंग्रजांनी मराठीतून उचलला. जॉन फ्रायर म्हणून कंपनीचा डॉक्टर १६७३ ला मुंबईत उतरला, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी, त्याच्या प्रवासवर्णनात मुंगूस आहे. साल आधीच सांगून टाकतात आता. शहाणे झालेत.

पण टँक! ते राहिलंच की.

फळ्यावर 'टँक' आलं त्या दिवशी खोताच्या वाडीतल्या आंटी आल्या होत्या, आपल्या शिवणाच्या. ब्लाऊज द्यायला आल्या आणि जिन्यातच थांबल्या. सर सांगत होते, की टँक हा शब्द गुजरातीतलं टांकं, मराठीतलं टाकं यातून गेला. म्हणून तर मुंबईभर टँकच टँक. सी. पी. टँक, गवालिया टँक. पाण्याचा थेंब नाही एकातही, गवालिया टँकवर तर १९४२ ला 'चले जाव' झालं, पण नाव टँक ते टँकच. आणि पुढची मजा, पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी ते लोखंडी रणगाडे बनवले, ते गुपित ठेवायचं म्हणून कारखान्यात सांगितलं की पाण्याच्या टाक्या बनतायत. नाव चिकटलं. १९१६ ला सोमच्या लढाईत उतरले ते टँक म्हणूनच. म्हणजे गिरगावातलं टाकं बघा कुठे जाऊन पोचलं!

आंटींनी ब्लाऊजची पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, "सर, तांक हा पोर्तुगीज वर्ड आहे. माझी ग्रँडमदर तांकच म्हणायची."

सरांनी पुस्तक उघडलं. आणि पुस्तकात हो, दोन्ही! पोर्तुगीज तांक लॅटिनमधून आलेला, आपलं टाकं आपल्याकडचं, आणि दोघांची मुंबईच्या आसपास अशी काही सरमिसळ झाली की यूलसाहेबांनाही सोडवता आली नाही. पण सर हटेनात. म्हणाले, टाकं आमचं, लेण्यांत पाहा, रायगडावर पाहा, खडकात कोरलेली टाकी आहेत.

आंटी शांतपणे म्हणाल्या, "बटाटा आमच्याकडून घेतला, पाव घेतला, साबण, चावी, तुमचा तो पगारसुद्धा. एक टँक दिला तर काय होतं?"

जिन्यात सुई पडली असती तर ऐकू आली असती. मग काकू, चौदा नंबरच्या, एवढ्या जोरात हसल्या की वरच्या मजल्यावरचे लोक डोकावले. सरांनी फळ्यावर 'टँक'च्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं. आजवर पहिल्यांदाच. सेक्रेटरींनी रात्री तिथे पाण्याची वेळ लिहिली, पण प्रश्नचिन्ह तेवढं ठेवलं, का ते त्यांनाच ठाऊक.

आणि आता ऐका, हे कोणाला बोलू नका. आंटी येत्या रविवारी पाच वाजता परत येणार आहेत. येताना आजीची जुनी प्रार्थनेची पुस्तकं आणणार आहेत. सर एशियाटिकमधून काहीबाही उतरवून आणतायत, वहिनी बटाटेवडे करतायत, आणि काकूंनी पंच व्हायचं कबूल केलंय, पण एका अटीवर, रेल्वेचा विषय कोणी काढायचा नाही. मी तर वालाच्या शेंगा सोलायला इथेच बसणार आहे, या कठड्याशी. तुमच्याही आणा.